पल्याडचा मानकरी

तांडेलकाका मासा विकत घेत नसत, त्याची मुलाखत घेत. वोल्फ्सबुर्गच्या आठवडी बाजारात मासळीची एक गाडी उभी राहते. तिथे काका दिसले की गाडीवरची बाई बाकीची गिऱ्हाईकं सोडून आधी त्यांच्याकडे बघायची. काका कल्ला उचलायचे, डोळा बघायचे, पोट एका बोटानं दाबायचे आणि मग मान हलवायचे. बहुतेक वेळा ती आडवीच हलायची. "कालचो," एवढंच म्हणायचे. त्या बाईला मालवणीचा गंध नव्हता, पण हा एक शब्द तिला चांगला कळायला लागला होता.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते तिथेच. २०११ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत आलो होतो. मी कोथरूडची. आमच्या घरी मासा फक्त काचेच्या पेटीत असायचा, तोही शोभेला. भाजीच्या गाडीकडे जाताना वाटेत त्या बर्फावरच्या माशांपाशी मी थबकले आणि मागून आवाज आला, "पुण्याची काय गो?" मी दचकून वळले. उंच, सावळे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे एक गृहस्थ उभे होते. कसं ओळखलंत, विचारलं तर म्हणाले, मेलेल्या माणसाकडे बघतात तशी बघत होतीस त्याच्याकडे. पुढच्या रविवारी मला आणि नवऱ्याला त्यांच्याकडे जेवायचं आमंत्रण होतं. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी होती. माझ्या माहेरी हे अजून कुणाला ठाऊक नाही.

शशिकांत तांडेल मोटारीच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात तीस वर्षं होते आणि तिथले प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. पण काय करता असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आम्ही दर्यावर्दी." आता वोल्फ्सबुर्गपासून कुठलाही समुद्र गाठायचा म्हणजे गाडीनं काही तास जायचं. गावात आहे तो एक कालवा. त्याच्या काठानं काका रोज फिरायला जायचे आणि रोज त्याला नावं ठेवून परत यायचे. ना भरती, ना ओहोटी, हे पगारी पाणी, असं त्यांचं मत होतं. सकाळी बाल्कनीत येऊन आधी वारा कुठून आहे ते बघायचं आणि मगच चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम. वाऱ्याची दिशा कळून वोल्फ्सबुर्गमध्ये करायचं काय, असं काकी विचारायच्या. काका म्हणायचे, माहिती असलेली बरी.

या माणसाला आपण कोण आहोत याचा अभिमान होता आणि तो लपवायची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. आमच्या मराठी मंडळानं एकदा ज्येष्ठांचा सत्कार केला. अध्यक्ष जोशींनी काकांचा परिचय वाचला. मूळचे कोकणातले, पदविकाधारक अभियंता, अमुक विभागाचे प्रमुख, वगैरे. टाळ्या पडायच्या आधीच काका उभे राहिले. "एक राहिलं," ते म्हणाले. "मच्छीमाराचा मुलगा. ते पहिलं लिहायचं, बाकीचं नंतर." आणि शांतपणे बसले. आमच्या मंडळात बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे, माशाचा विषय निघाला की नाक जरासं वर जाणारे. त्या दिवशी सगळी नाकं जागेवर आली, माझ्यासकट.

या अभिमानाच्या मुळाशी एक नारळ होता. काकांचं गाव खाडीच्या काठी. नारळी पौर्णिमेला गावाचा पहिला नारळ दर्याला द्यायचा मान तांडेलांच्या घराचा, आणि घरात तो थोरल्याचा. तो नारळ पाण्यात पडल्याशिवाय गावातली एकही होडी बाहेर पडायची नाही. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला. काका थोरले. पण वडील गेले तेव्हा काका इथे रंगाच्या भट्टीपुढे उभे होते, आणि दर वर्षी श्रावणात रजा कोण देणार? मानकरी गावात हवा, हे गावाचं म्हणणं रास्त होतं. काकांनीच धाकट्या भावाला कळवलं की यापुढे नारळ तू दे. मान स्वतःच्या हातानं दिला, त्यामुळे कुणाला बोल लावायचीही सोय राहिली नाही. पडलेल्या दातापाशी जीभ जावी तसं त्यांचं मन श्रावण आला की तिथेच जायचं.

मग कारखान्यानं त्यांना एका कामासाठी काही आठवडे उत्तर फ्रान्सला पाठवलं. एका रविवारी समुद्र बघावा म्हणून ते गाडी घेऊन निघाले. पुढचं ते नेहमी एकाच वाक्यात सांगायचे, "वास इलो आणि मी गाडी थांबवलंय." तो चिखलाचा वास होता. ओहोटीच्या खाडीच्या तळाचा, शेवाळ, शिंपले आणि खारट गवत यांचा. खाली एक चिमुकलं गाव होतं. दगडी धक्का, त्याला लागून अरुंद घरांची रांग, चिखलात कुशीवर आडव्या झालेल्या होड्या, नदीची एक बारीकशी धार आणि पलीकडे खाजणात चरणाऱ्या मेंढ्या. गुडघाभर चिखलातून जाळं ओढणारा एक म्हातारा दिसला. काका म्हणायचे, मेंढ्या सोडल्या तर सगळं आमचंच होतं.

त्या गावाचं नाव ते कधी घेत नसत. नाव घेतलं की सगळी दुनिया तिथे जाईल, अशी त्यांना भीती. ते म्हणायचे 'पल्याड'. श्रावणात त्यांच्या घरी फोन केला आणि काकीच घरी असल्या तर त्या म्हणायच्या, "हे पल्याड गेलेत, खोली ठरवायला." मंडळात नव्यानं आलेल्या एका मुलीनं हे ऐकून सांत्वनाचा निरोप पाठवला होता. काका आठवडाभर खूश होते.

तर काकांनी ठरवलं, आपला नारळ इथे द्यायचा. गावचा मान गेला, खाडी तर आहे. पहिल्या वर्षीचा किस्सा काकी सांगायच्या, आणि मुद्दाम काका समोर असतानाच. काकी नऊवारीत, काका पांढऱ्याशुभ्र सदऱ्या-लेंग्यात, शाळेत जाणारी नीला परकर-पोलक्यात, ताटात सोनेरी कागदातला नारळ. गावच्या रिवाजाप्रमाणे दिवस कलायला लागल्यावर तिघं वाजतगाजत धक्क्यावर गेली. वाजवायला काकींच्या हातात छोटी घंटा होती. आणि धक्क्यावर जाऊन बघतात तर समुद्रच नाही. काकांच्या गावी ओहोटीतही खाडीत होडी चालेल एवढं पाणी असतं. इथे पौर्णिमेची ओहोटी सगळी खाडी धुऊनपुसून घेऊन गेली होती. नजर जाईल तिथवर चिखल, आणि मेंढ्या या तिघांकडे बघतायत. ज्या माणसाला वोल्फ्सबुर्गात बसून वारा कळतो, त्याला इथे पाणी कधी असतं ते कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. खाडी म्हणजे खाडी, तिला काय विचारायचं?  काका म्हणाले, "दर्या घराक नाय. वाट बघूया." आणि ताट घेऊन भिंतीवर बसले. वारा असा, की काकींच्या नऊवारीचं शीड झालं होतं. संधिप्रकाशात पाणी आलं ते घोड्यासारखं धावत आलं, आणि काकांनी नारळ दिला.

आम्ही चार-पाच घरं पुढे त्यांच्याबरोबर जायला लागलो. वोल्फ्सबुर्गहून पूर्ण दिवसाचा रस्ता. काका स्वतः गाडी चालवायचे आणि बेल्जियम लागलं की चिवड्याचा डबा उघडायला परवानगी मिळायची. आमच्या पहिल्या वर्षी जोशींनी रीतसर कार्यक्रम आखला आणि पंचांग बघून नारळाची वेळ काढली, सकाळी दहाची. काका म्हणाले, तेव्हा पाणी चढतं असेल. दुपारी ओहोटीला फिरेल, तेव्हा देऊ. जोशी म्हणाले, काका, पण कार्यक्रमपत्रिकेत दहा आहे. जर्मनीत राहून जोशींचं वेळेच्या बाबतीत असं झालं होतं की मुहूर्त टळला तर देव दंड लावील. काकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, "आल्झो, बरं तर, तुमच्या वेळेला," म्हणाले आणि दहाच्या ठोक्याला नारळ दिला.

दुपारी आम्ही धक्क्यावरच्या खानावळीत शिंपले आणि बटाट्याच्या काचऱ्या खात होतो. तेवढ्यात तो जाळंवाला म्हातारा आत आला. दोन्ही हातांत धरून त्यानं तो नारळ आणला होता. भरतीनं परत आणून धक्क्याला लावलेला. यांची एवढी सुंदर वस्तू पाण्यात पडली, म्हणून बिचारा शोधत आला होता. आमच्या टेबलावर कुणाला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. काका उठले, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला, नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि जोशींच्या ताटाशेजारी ठेवला. तुमच्या वेळेचा नारळ आहे, तुम्हीच फोडा, म्हणाले. मालकिणीच्या स्वयंपाकघरात त्याचा नारळीभात झाला आणि म्हाताऱ्यानं दोनदा मागून घेतला. पुढच्या वर्षापासून पत्रिकेवर वेळेच्या जागी 'पाणी फिरल्यावर' असं छापून यायला लागलं.

या सगळ्यात नीला कधी नसायची. काकांची एकुलती एक मुलगी. जन्म वोल्फ्सबुर्गचा, नोकरी बर्लिनला. एका स्टार्टअपमध्ये काम, सायकलवरून फिरणं. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमधून. काका मालवणीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. फक्त श्रावणात ती कधी फिरकायची नाही आणि काका तिला ये म्हणायचे नाहीत. मला वाटायचं, इथे वाढलेली मुलगी, तिला कशाला या गोष्टीत रस असेल?

खरं काय ते काकींनी एकदा परतीच्या वाटेवर सांगितलं, पुढे काका गाडी चालवत असताना, माझ्या कानाशी. त्या पहिल्या वर्षी पाण्याची वाट बघत बसले असताना ताटातला नारळ नीलानं मांडीवर घेतला होता. सगळा वेळ. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. पाणी आल्यावर तिनं विचारलं, मी टाकू? काकांनी तिच्या मांडीवरून तो उचलला आणि म्हणाले, बायकांनी टाकायचा नसतो. रागावून नाही हो, काकी म्हणाल्या, नियम सांगतात तसं. पोरगी उठून गाडीत जाऊन बसली. पुढची दोन-तीन वर्षं आली ती गाडीत पुस्तक वाचत बसायची. मग यायचीच बंद झाली. "ती विसरली नाही आणि हेही विसरले नाहीत. दोघंही तांडेल. माना वाकतील तर शपथ," असं म्हणून काकींनी खिडकीबाहेर बघितलं.

दोन-तीन वर्षांनी काकांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. आधी जेवताना मासा हातातल्या घासातून निसटायला लागला, मग चालणं आखडलं. तरी त्या श्रावणात त्यांनी नारळ दिला, पण हातातून तो सुटला आणि पायरीवर आपटून पाण्यात गेला. काका वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. आपल्यानंतर हा मान कुणाचा, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडा पडला. गावचा मान भावानंतर त्याच्या मुलाकडे गेला होताच. पल्याडचा नारळ काकांबरोबर संपणार होता.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सभा झाली. आमचं मंडळ आता जर्मन कायद्याप्रमाणे नोंदलेलं फेराइन, म्हणजे रीतसर संस्था, होतं, त्यामुळे सगळं ठरावानं. जोशींनी ठराव मांडला: काकांच्या तब्येतीला त्रास नको, परंपरा तर टिकली पाहिजे, म्हणून यापुढे नारळ द्यायचा मान चिठ्ठी टाकून सभासदांपैकी एकाला मिळावा. जोशींच्या मनात खोट नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की आपण काकांचं ओझं उचलतोय. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मी त्यांना ओळखत होते. ऐकणं थांबवलं की ते गेनाऊ म्हणायचे. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात टेकून ते म्हणाले, "अनघा, तुझ्या गाडीत एक जागा रिकामी ठेव."

ती जागा नीलाची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बर्लिनहून आली.  बाबांनी फोन केला होता, फक्त ये म्हणाले, का ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाली. बेल्जियममध्ये मी चिवडा पुढे केला तर तिनं मूठभर घेतला आणि हसली. ती अगदी काकांसारखी हसते, हे मला त्या दिवशी दिसलं.

पौर्णिमेला दुपारी आम्ही सगळे धक्क्याच्या उतारावर जमलो. पाणी काठोकाठ होतं, थबकलेलं. काका भिंतीवर बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात. नारळ दोन्ही तळव्यांत गच्च दाबून धरला होता, म्हणजे थरथर दिसू नये. नीला जरा लांब, गाडीला टेकून उभी होती. जोशींनी स्टीलचा एक डबा आणला होता. त्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. त्यांनी झाकण उघडलं आणि मुलांपैकी कुणी उचलायला यावं म्हणून इकडेतिकडे बघितलं. एवढ्यात धक्क्याला बांधलेल्या होड्या हळूच वळल्या आणि त्यांची तोंडं खाडीच्या आत झाली. पाणी फिरलं होतं.

काका उभे राहिले. काकी धरायला गेल्या, त्यांना त्यांनी थांबवलं.

"जोशी, डबा बंद करा," ते म्हणाले. जोशींनी केला.

"नीला, हय ये."

ती आली. काकांनी नारळ पुढे केला. तिनं घेतला नाही. ती जर्मनमध्ये म्हणाली, अगदी हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं, "बायकांना चालत नाही ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"तो माझ्या बापाशीचो नियम. त्या खाडीचो," काका म्हणाले. "ही खाडी मी शोधलंय. हय मान माझो, हयचो नियम मी सांगतंय. तांडेलांचो नारळ थोरलो देता. एकुलती असलंस तरी थोरली तूच." त्यांनी नारळ आणखी पुढे केला. "तेव्हा तुका नको म्हटलंय. ता माझा चुकला."

आयुष्यात या माणसाच्या तोंडून चुकलं हा शब्द मी ऐकला नव्हता, आणि तोही अख्ख्या मंडळासमोर. मान खाली न घालता चूक कबूल करता येते, हे मला तेव्हा कळलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की जोशींकडे बघायचंही मी टाळलं. नाहीतर त्यांनाच मिठी मारली असती.

नीलानं बूट काढले, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला. काय म्हणायचं असतं, तिनं विचारलं, आणि ते मराठीत विचारलं. काकांनी सांगितलं, दर्याराजा, शांत हो, आमच्या माणसांक सांभाळ. ती उतारावरून पाण्यात गेली, गुडघ्यांवर पाणी आलं तशी थांबली आणि तेच शब्द मोठ्यानं म्हणाली. शब्द तिच्या जिभेवर जरा जर्मन झाले होते. दर्याला ते चालले असावेत. नारळ सोडल्याबरोबर ओहोटीनं तो उचलला आणि बांधलेल्या होड्यांच्या मधून तो खाडीच्या तोंडाकडे निघाला.

त्या हिवाळ्यात काका-काकी बर्लिनला नीलाजवळ राहायला गेले. वसंत लागला आणि काका गेल्याचा फोन आला. मधल्या काळात आम्ही फोनवर बोललो होतो, भेट झाली नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिलेले काका धक्क्यावरचेच.

त्या दुपारी धक्क्यावर सगळे नारळाकडे बघत होते, मी काकांकडे. ते नारळाकडे बघतच नव्हते. थरथरता हात पाठीमागे दुसऱ्या हातात धरून ते ताठ उभे होते. शेजारी सुट्टीला आलेली एक फ्रेंच बाई कुत्र्याची दोरी धरून हा प्रकार बघत थांबली होती. तिनं हनुवटीनं पाण्यातल्या मुलीकडे दाखवून काहीतरी विचारलं. काकांना फ्रेंच येत नव्हतं. "माइने टोख्टर," त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं. माझी मुलगी. बाईला कळलं असावं, ती हसली. मग काका आमच्याकडे वळले. आम्ही सगळे नीलाला चांगले ओळखत होतो, तरी त्यांनी आम्हालाही तिची ओळख करून दिली, एकेक शब्द सावकाश उच्चारत.

"नीला तांडेल. माझी थोरली."